टिप्याचं भ्या

आभाळ गडगडलं की टिप्या कुत्रा खाटेखाली दडायचा. आज मात्र तो कोंडाजीच्या मागोमाग खाचरात गेला होता. कापून पडलेल्या भातावर ताडपत्री टाकायची होती. लख्खकन वीज कडाडली आणि जरा वेळानं टिप्या एकटाच धापा टाकत घरात घुसला.

"धन्याला सोडून पळालास व्हय रं, भित्र्या?" कोंडाजीच्या बायकोनं, लीलाबाईनं दाराला कडी घातली, त्याचे कान पदरात गुंडाळले आणि त्याला पोटाशी आवळून धरलं. "गप. काय न्हाई हुत."

तो विव्हळत होता, हिसडे देत होता. तिनं काही सोडलं नाही. आभाळ गप झालं तेव्हाच हात सैल केले.

टिप्या दारावर झेपावला, नखांनी फळी ओरबाडू लागला. कडी काढता काढता तिच्या ध्यानात आलं. आल्यापासून तो दाराकडंच ओढत होता, खाटेकडं एकदाही नाही.