चार बोटं काच

शेखरनं जुनी गाडी माणच्या एका गिऱ्हाइकाला विकली होती. वडिलांना, म्हणजे आबांना, त्यानं एवढंच सांगितलं की तुम्हाला ताम्हिणीला आत्याकडं न्यायचंय, म्हणून काचा दुरुस्त करून घेतोय. निम्मं खरं होतं. काचा खरंच दुरुस्त होत होत्या, पण गिऱ्हाइकाला गाडी द्यायची म्हणून.

घोटावड्यातल्या घराच्या अंगणात शंभू मेस्त्रीनं गाडीच्या काचा वर-खाली करणारी मशीनं आणि झिजलेली हँडलं काढून नवी बसवली आणि फिरवून काच वर चढवली. ती आपोआप चार बोटं खाली आली. पुन्हा चढवली, पुन्हा चार बोटं.

"मशीन नवं, हँडल नवं. मग खाली कोण घेतंय?" शंभू म्हणाला.

शेखरनं ओट्याकडं पाहिलं. आबा खाटेवर बसले होते. मांडीवरची त्यांची मूठ सावकाश गोल फिरत होती.

"आबा, काय करताय?"

"वारा घेतूय."

शेखरला त्यांच्याकडं बघवेना. काच तपासायच्या निमित्तानं तो गाडीत जाऊन बसला आणि दार ओढून घेतलं.

"शेखर," आबा ओट्यावरून म्हणाले, "मला नेणार हायेस न्हवं?"

"व्हय आबा. उद्याच."

आबांची मूठ थांबली. मग उलटी फिरू लागली. चारही काचा एकदम वर चढल्या. शंभू बाहेरून दार ओढत काहीतरी बोलत होता, ते आत ऐकू येईना.

शेखरनं घाईनं हँडलाला हात घातला. तिथं आधीच कुणाची तरी मूठ होती. दिसत काहीच नव्हतं. पण हाताला सुरकुत्या लागल्या, आणि त्या त्याच्या ओळखीच्या होत्या.