भुताच्या पिक्चरची रेकॉर्ड

"दुपारचं तुमच्या घरात कोण रडतंय म्हणं?" निंगव्वानं बशीतल्या चहावर फुंकर घालत विचारलं.

आपली वळसंगची भाची या घरात द्यायची की नाही, ते ठरवायला ती आली होती. तोंडानं गोड बोलत होती, पण डोळे तुळईपासून चुलीपर्यंत जाऊन आले होते. ईरम्मानं ते ओळखलं होतं. तिच्या धाकट्या लेकाला, ईरप्पाला, याहून बरं स्थळ मिळणार नव्हतं.

"रडतंय कोण, निंगक्का? रेकॉर्ड हाय ती. भुताचा जुना पिक्चर परत नवा काढलाय न्हवं, त्याची. नवी गाणी, जुन्यातली गाणी, समदी एकात, आन् मधनंमधनं त्या हडळीचं रडणं. आमच्या थोरल्या चन्नप्पाचा स्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा. लग्नात असली रेकॉर्ड कोण मागतंय? मग दानम्मा लावून बसती."

"सुनेला भुताची लई आवड दिसती."

"पोरवय हाय."

दानम्मा दार लावून घ्यायची. रडणं ऐकू आलं, की पाठोपाठ गाणं लागायचं. ईरम्मानं कधी आत जाऊन बघितलं नव्हतं.

आतून हुंदका आला. निंगव्वाची बशी ओठांशी थांबली.

"लावली बगा," ईरम्मा हसली.

तेवढ्यात गल्लीच्या चौकात कर्णा खरखरला. पिक्चरची पोस्टरं लावलेला टांगा, मागं रेकॉर्ड लावायचं बॅटरीवरचं मशीन मांडीशी धरून चन्नप्पा. थेटरवाल्यांनी जाहिरातीला त्यालाच बोलावलं होतं. चालत्या टांग्यात सुई उड्या मारते, म्हणून तो चौकाचौकात थांबून वाजवत होता. हडळ साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी रडली, गाणं वाजलं, चन्नप्पानं सुई उचलली आणि टांगा पुढं निघाला.

गल्ली शांत झाली. आतलं रडणं थांबलं नव्हतं.

निंगव्वानं बशी खाली ठेवली. "रेकॉर्ड तर टांग्यात गेली की."

"दुसरी हाय."

"आन् मशीन?"

ईरम्मा उठली. सुनेचं दार दोन पावलांवर होतं. तिनं त्या दाराकडं बघितलं, पदर खोचला आणि उंबरा ओलांडून अनवाणीच टांग्यामागं पळाली.

"चन्नप्पा, टांगा मागं घे," ती धापा टाकत म्हणाली. "आपल्या दारापुढं हुबा कर. आन् लाव ते रडणं. मोठ्यानं."