ओटोचा किल्ला

इतिहासाच्या तासाला लुटुपुटूचा खटला चांगलाच रंगला होता. नीलांबरी होती मध्ययुगातल्या ओटो नावाच्या जर्मन सरदारपुत्राची वकील. वडील गेल्यावर काकाने ओटोचा किल्ला बळकावला होता. म्हणे, "तुझा जन्म परमुलखातला!"

"पण वाढला तर इथेच ना!" नीलांबरी कडाडली. जज झालेल्या मॅडमनी किल्ला ओटोला देऊन टाकला.

मॅडमचा निकाल सांगत ती नाचतच घरी आली, तर बाबा व्हिसाचं काम बघणाऱ्या वकिलाचा ईमेल उघडून सुन्न बसलेले. पुढच्या महिन्यात दादाला एकवीस पूर्ण होणार आणि मग बाबांच्या व्हिसावर त्याला अमेरिकेत राहता येणार नव्हतं.

नीलांबरीला काही कळेचना. "पण इथे आला तेव्हा दादा दोन वर्षांचा होता ना?"

दादा कसनुसा हसला. "वकीलबाई, तुमच्या त्या मॅडमचा नंबर द्या की."