आई, आधी तुम्ही लावा

सकाळी दवाखान्यातून फोन आला आणि दुपारी तुळजाला जे. पी. नगरच्या घरी आणलं. सवाष्ण गेली, म्हणून बायका हळदकुंकू घेऊन जमल्या.

तिच्या आईनं, जमनाबाईंनी, लेकीला शेवटचं कुंकू लावायला हात पुढे केला. तुळजाच्या नवऱ्याची, सयाजीची, थोरली बहीण हळूच म्हणाली, "अम्मा, तुम्ही नको. सवाष्णींनीच लावायचं असतं. स्वल्प बाजूला व्हा."

विधवा जमनाबाईंनी जावयाकडे पाहिलं.

काय बोलायचं ते सयाजीला पाठ होतं. विधवांच्या मानासाठी तुळजानं तिच्या संस्थेतर्फे फिल्म केली, तेव्हा त्यातला जावई तोच झाला होता. "आई, आधी तुम्ही लावा," एवढंच वाक्य होतं. ते त्याला जमेना, तेव्हा तुळजा हसून म्हणाली होती, "अहो, पाढे म्हणताय का? खरंच आई समोर आहे असं बोला." ती फिल्म गावोगाव दाखवली गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आज आई खरंच समोर होती. सयाजी बहिणीकडे पाहत राहिला. बाहेर गाडी आली. चौघांनी तुळजाला उचललं.

जमनाबाईंचं लेकीला कुंकू लावायचं राहिलं.