ओट्यावरचे डाग

"ओटा रिकामा कर," मुलगी घरात शिरताशिरताच म्हणाली. खांद्यावरची बॅगही तिनं काढली नव्हती.

"अगं, दूध तापतंय."

"शेगडी राहू दे. बाकी सगळं उचल."

आईनं कुरकुरत डबे उचलले, ताटं खुर्चीवर ठेवली. बाबा दारात बसून बुटातली भुकटी झटकत होते. लोकांच्या स्वयंपाकघरात ओटे बसवायचे, हा त्यांचा धंदा. दिवसभर दगड कापून भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या.

मुलीनं टेबलावर लॅपटॉप उघडला.

*विज्ञानातला कोणताही एक विषय. सर्व शाखांना सक्तीचा. निवड आज सहा वाजता बंद.*

"आधी ते उरक, भिंगरी," बाबा म्हणाले. "आहारशास्त्राची ओळख. ठरलंय ना आपलं? खाण्यापिण्याचं लिहायचं, मार्क घ्यायचे, सुटायचं. हिशेबाच्या पदवीला आणखी काय लागतं?"

ठरलं तेच होतं. मार्क घसरले की फीची सवलत जाणार, आणि सवलत गेली की कॉलेज सुटणार, हे तिघांनाही पाठ होतं. पण पहिला आठवडा विषय चाखून बघायचा असतो. कुठल्याही वर्गात जाऊन बसा, कुणी हटकत नाही. आज आहारशास्त्राच्या वर्गात उभं राहायलाही जागा नव्हती, म्हणून ती शेजारच्या वर्गात शिरली होती. त्या विषयाचं नाव तिनं आता मोठ्यानं वाचलं.

*भूविज्ञानाची ओळख. पूर्वतयारीची अट नाही.*

"म्हणजे दगड?" बाबा हसले. "मी जन्मभर दगड कापतोय, मला कुणी पदवी दिली?"

"अर्धा वर्ग नापास होतो म्हणे त्यात," आई म्हणाली. "आणि घरात एकाच्या डोक्यात आहेत तेवढे दगड पुरेत."

"बाईंनी एक तुकडा हातोहात फिरवला," मुलगी म्हणाली. "काळा. पॉलिश केलेला. सगळे आ वासून बघत होते आणि मी... बाबा, तो आपला ओटा होता."

"आपला?"

"ह्याच्यावरचे डाग तुम्ही कधी नीट बघितलेत?"

त्या डागांपायीच गिऱ्हाइकानं ही लादी नाकारली होती. नाकारलेलं सगळं घरी यायचं. खिडकीची चौकट तशीच आली, न्हाणीघराची पायरीही. बाबा उठले. सवयीनं त्यांनी ओंजळभर पाणी ओट्यावर मारलं. दगड ओला केला की त्यातला दोष वर येतो. लादी दाखवण्याआधी ते नेहमी असंच बघत.

वर आलं ते वेटोळं. आत आत वळत गेलेलं, कप्प्याकप्प्यांचं. शेगडीच्या बाजूला एक. त्याला लागून आणखी एक, नखाएवढं.

"हा प्राणी आहे," मुलगी म्हणाली. "समुद्रातला. एकेक कप्पा बांधायचा. मोठा झाला की जुना सोडून पुढच्यात राहायला जायचा. मग मेला, तळाशी गेला, वर गाळ साचत राहिला."

"कधी?"

"पक्षी नव्हते तेव्हा. फुलं नव्हती. बाई म्हणाल्या, फूल ही गोष्ट अजून जगात व्हायचीच होती."

ओल्या दगडावर अंगठा टेकवून बाबा हळूहळू सरकत सिंकपर्यंत गेले आणि थांबले. सिंकसाठी कापलेल्या कडेला एक वेटोळं होतं. सगळ्यांत मोठं. अर्धंच.

ते तसेच मागच्या दारी गेले. कुंडी सरकवल्याचा आवाज आला. सिंकच्या जागेतून कापून काढलेला चौकोनी तुकडा इतकी वर्षं त्या कुंडीखाली होता. तो त्यांनी छातीशी धरून आणला, नळाखाली धुतला, फिरवून फिरवून बघितला आणि कडेला कड लावली.

जुळलं.

मध्ये फक्त पात्याच्या जाडीएवढी फट. तेवढाच दगड कापताना गेला होता.

"अगं," बाबा अगदी हळू म्हणाले, "ह्याच्यावर आपण कांदे चिरतो."

कुणी हसलं नाही.

"आणि तेव्हा ह्याला बघायला कुणीच नव्हतं?"

"कुणीच नाही."

"तरी एवढं रेखीव?"

*निवड बंद व्हायला थोडाच वेळ शिल्लक.*

मुलगी लॅपटॉपपुढे बसली. आहारशास्त्रावरची खूण तिनं गेल्या आठवड्यातच करून ठेवली होती. बोट फिरलं, थांबलं.

"बाबा, नापास झाले तर?"

"मला विचारू नकोस. मी आत्ता ठिकाणावर नाही." तुकडा त्यांनी अजून दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. "पुढं काय दाखवणार आहेत तिथं?"

"पुढच्या आठवड्यात नदीवर नेणार आहेत. काठ वाचायला, थराथरानं."

"काठ वाचायला," बाबा म्हणाले. मग तुकड्यावरून अंगठा फिरवत, "घरचं माणूस आलेलं चालतं का, विचार बाईंना."

तिनं जुनी खूण काढली. दुसरी केली.

*भूविज्ञानाची ओळख. निवड नोंदली गेली.*

"झालं?" आई म्हणाली. "दोघांनी मिळून सवलत घालवली म्हणजे झालं." पण तेवढ्यात दूध वर आलं. तिनं शेगडी बंद केली, सांडशीत पातेलं धरलं आणि न बघताच नेहमीच्या जागेकडं वळली. शेगडीच्या बाजूला, तिथंच.

पातेलं दगडापासून चार बोटांवर थांबलं. वाफेत ती खाली बघत राहिली.

आईनं पायानं खुर्ची ओढली, त्यावरची ताटं एका हातानं बाजूला केली आणि दूध खुर्चीवर ठेवलं.