ताठ पाठ

महाडच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "आपला कणा मूळचा चार पायांवर चालणाऱ्यांचा, मावशी. माणूस उभा राहिला तेव्हापासून कंबर दुखतेच."

कुडपणला परतल्यावर प्रयागबाई वाकूनच नाचणीच्या राखणीला गेली. बांधावर एक वानरीण दोन पायांवर उभी होती. प्रयागबाईनं पत्र्याचा डबा बडवला, तसा बाकीचा कळप पळाला. ही मात्र हलली नाही. तिनं कमरेवर हात ठेवून अंग ताणलं आणि कट् असा आवाज झाला.

आवाज प्रयागबाईच्या पाठीतून आला होता.

मग रोजच तसं होऊ लागलं. वानरीण आणखी ताठ व्हायची, प्रयागबाई आणखी वाकायची. तिला भीतीपेक्षा जळफळाटच जास्त होई. नवी नवरी होती तेव्हा ती अशीच चालायची, डोक्यावर हंडा आणि हात मोकळे. नवरा, सयाजी, ओटीवरून तिच्याकडे बघत राहायचा.

"मेली, माझंच मिरवतेय," ती पुटपुटायची.

आज दुपारी बांध रिकामा होता. प्रयागबाई सुटल्यासारखी घराकडे निघाली. उतारावर तिनं हात जमिनीला टेकले. तसं चालणं सोपं वाटलं, म्हणून तिनं ते उचललेच नाहीत.

अंगणात पोचून तिनं दारातून आत पाहिलं. चुलीपाशी कुणी ताठ पाठीची बाई हंडा उतरवत होती. सयाजी तिच्याकडे बघत होता, अगदी पूर्वीसारखा.

"आज पाठ बरी हाय गो तुझी," तो म्हणाला. मग त्याचं लक्ष अंगणाकडे गेलं.

"दार लाव. वांदरी आलीय."