आधी तांब्याभर पाणी

"मूत्रपिंडं ठणठणीत!" कमोडने रोजच्यासारखं जाहीर केलं आणि इंदुबाई बाहेर आल्या. रेवतीने सासूच्या सुजलेल्या पापण्यांकडे पाहिलं. आठवडाभर हेच चाललं होतं. घरोघरचे कमोड लघवीतली पेशीन्‌पेशी तपासू लागले, तेव्हा रेवतीची लॅबमधली नोकरी गेली होती. आता त्या यंत्राला खोटं ठरवायचं तरी कसं?

दुसऱ्या दिवशी तिने दाराशी कान दिला. आत सगळ्यात आधी पाणी ओतल्याचा आवाज आला.

"आई, बसायच्या आधीच पाणी ओतता?"

"कोरड्या भांड्यात कोण बसतं गं? आमच्यात आधी तांब्याभर ओततातच."

रेवतीने कपाळावर हात मारला. पाण्यात रक्तपेशी फुगून फुटतात, मग यंत्राला दिसणार काय? तिने ताजी लघवी बाटलीत घेतली, माळ्यावरचा मायक्रोस्कोप काढला आणि तळचा गाळ काचेवर ठेवला. लाल पेशींनी ठासून भरलेल्या बारीक नळकांड्या! मूत्रपिंडाच्या गाळण्याच सुजल्या होत्या.

"आणखी पंधरा दिवस गेले असते, तर डायलिसिसच," डॉक्टर म्हणाले आणि त्याच दुपारी औषध सुरू केलं.

तीन महिन्यांनी काच स्वच्छ निघाली. रेवतीने कमोडच्या कंपनीला सगळं कळवलं होतं; त्याच आठवड्यात देशभरच्या कमोडांना नवा नियम गेला: आधीचं पाणी वाहून जाऊ द्यावं, मगच तपासावं. नियमाखाली रेवतीचं नाव होतं.

इंदुबाईंनी ऐटीत तांब्या भरला. "माझ्या सवयीला नावं ठेवत होतीस ना? बघ, शेवटी कमोडलाच वळण लागलं."